वदादच्या घरातली शेगडी

लेबनॉनच्या डोंगरात आमच्या शेजारी वदाद दोन मांजरांसोबत राहायची. शेगडीच्या धुराने तिचा नवरा आणि कुत्रा झोपेतच गेले, तेव्हापासून तिने घरात शेगडी ठेवली नव्हती. यंदा बर्फ उंबऱ्यापर्यंत चढलं, तसा तिचा भाचा मिलाद नवी शेगडी घेऊन आला.

“मावशी, धुराडं पक्कं आहे. भोवती जाळी लावतो, मांजरं भाजायची नाहीत.”

“भाजायची नाहीत रे. पण ऊब सोडून उठायचीही नाहीत. तुझा काका तरी कुठे उठला?”

म्हातारी मांजर थरथरत वदादच्या शालीत शिरली. तिच्या अंगाला हात लावून वदाद म्हणाली, “लाव. खिडकी मात्र उघडीच राहील.”

हिवाळाभर शेगडी पेटली. मांजरं झोपली, की वदाद त्यांच्या पोटावर हात ठेवून श्वास चाचपत बसायची.