नातेवाईक बाहेर बसतील

डॉ. यशवंतरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मला लिहिण्याची सवय नाही. शिवाय त्यांची ओळख झाली ती माझा धाकटा भाऊ गुलाब याच्या आजारपणामुळे, आणि गुलाब आज नाही. तरीही लिहितो.

गुलाब अमळनेरजवळच्या आमच्या गावी शेती करायचा. वय बत्तीस. कापसाचे गाठोडे उचलले की त्याच्या छातीत कळ यायची. मी शाळेत शिक्षक, म्हणून मीच त्याला जळगावला डॉक्टरसाहेबांकडे नेले. कार्डिओग्राम चांगला आला. दुखेल तेव्हा जिभेखाली ठेवायची गोळी त्यांनी दिली आणि महिन्याने बोलावले.

महिन्याने पुन्हा जळगावला जाताना एसटीत गुलाब म्हणाला, "भाऊ, गोयी ठेवी का छातीमा जास्तच दुखस. डॉक्टरले सांगजो."

"उगा ऱ्हाय. त्यासले तुनापेक्षा जास्त कयस," म्हणत मी त्याला गप्प केले.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मला विचारले, "काय, फरक आहे ना?" गुलाबने माझ्याकडे पाहिले. आमच्याकडे घरातला शिकलेला माणूसच डॉक्टरांशी बोलतो. "हो साहेब, बराच फरक आहे," मी सांगितले.

दोन महिन्यांनी धुळ्याच्या स्टँडवर सुटलेल्या गाडीमागे गुलाब धावला. कळ आली म्हणून खाली बसला, गोळी जिभेखाली ठेवली. सोबतचा माणूस पाणी घेऊन येईपर्यंत सगळे संपले होते. कितीतरी दिवस मला ते खरेच वाटत नव्हते.

डॉक्टरसाहेब स्वतः धुळ्याला गेले, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना भेटले आणि दहाव्याला आमच्या घरी आले. त्यांनी समजावून सांगितले. हृदयाला रक्त देणारी नळी हृदयाच्या वरून जाते. गुलाबची नळी जन्मापासूनच थोडे अंतर स्नायूखालून गेली होती. वरचा स्नायू पुलासारखा. प्रत्येक ठोक्याला नळी दाबली जायची, आणि धावताना ठोके वाढले की तिला मोकळे व्हायला वेळच मिळत नसे. असे पूल अनेकांना असतात, बहुतेकांना कधी त्रास होत नाही. "पण ज्यांना होतो, त्यांचं दुखणं या गोळीनं वाढू शकतं. तो तसं काही बोलला होता का?"

मी एसटीतले बोलणे सांगितले. डॉक्टरसाहेब पांढरेफटक पडले. म्हणाले, "गुरुजी, गोळीमुळेच गेला, असं मी म्हणू शकत नाही. पण त्याचं दुखणं मी तुम्हाला विचारलं. त्याला विचारायला हवं होतं. चूक माझी."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारावर पाटी लागली : 'आधी रुग्ण एकटा आत येईल. नातेवाईक बाहेर बसतील.'

वर्षभराने मी आईचा रक्तदाब दाखवायला गेलो होतो. सुनेला घेऊन आलेल्या भडगावकडच्या एक सासूबाई दारातच भांडत होत्या, "तिले काय कयस? मी सांगस ना!"

"अक्का, दुखतं कोणाला?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"तिले."

"मग तुम्ही बसा. चहा सांगतो तुमच्यासाठी."

जिभेखालच्या गोळीने कळ वाढते, हे त्या सुनेने आत सांगितले. डॉक्टरसाहेबांनी ती गोळी त्याच दिवशी थांबवली. मुंबईला अँजिओग्राफी झाली, तिलाही तोच पूल निघाला. ठोके सावकाश ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि धावपळ करायची नाही, हे त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. ती आज व्यवस्थित आहे. हे सगळे मला डॉक्टरसाहेबांनी स्वतः पत्राने कळवले. त्या पत्रात दुसरे काहीच नव्हते.

डॉक्टरसाहेबांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांची तब्येत कोणी विचारली, तर घरच्यांना मध्ये बोलावे लागू नये. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे की, मी बरा आहे.