संत्र्याच्या पेटीतली अंडी

वाडीच्या एका गोदामात आनंदरावांनी तीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक तोलले. एकदाही चूक झाली नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. मग निवृत्ती आली, बायको गेली, मुलगी दीप्ती हैदराबादेत रमली आणि घरात बोलायला भिंती उरल्या. तेव्हा त्यांनी अंगणात जाळी ठोकली, टाकं बांधलं आणि दक्षिण अमेरिकेतल्या जातीच्या इवल्याशा शोभेच्या बदकांची जोडी आणली. नर तांबूस पाठीचा, मादी पांढऱ्या भुवईची. दोघं एकमेकांना हातभरही सोडत नसत. खरं सांगायचं तर आनंदरावांना त्यांचा हेवा वाटे.

ही बदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, म्हणून त्यांनी संत्र्याची लाकडी पेटी उंच टांगली. मादीनं सहा अंडी घातली आणि उबवायला बसली. दीप्ती फोनवर म्हणाली, "पिल्लं निघाले की येऊ बाबा. पायलले पाहाचे आहेत." नातीला घेऊन ती दोन वर्षांत फिरकली नव्हती. आनंदरावांनी कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला. त्यांच्या आईच्या कोंबड्या एकविसाव्या दिवशी पिल्लं काढत. बदकाला किती लागतात हे कुणाला विचारतील, तर ते आनंदराव कसले!

चोविसावा दिवसही कोरडा गेला. शेजारच्या सिंधूताई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, अंडे गार झाले, आता नाही निघत पिल्लं. तिले काहून बसू देऊन राहिले? उपाशी मरन ते."

पंचविसाव्या दिवशी मादी खायला उतरली, तशी त्यांनी अंडी काढून खड्ड्यात फेकली. सहाच्या सहा फुटली. एका पिल्लाची चोच दोनदा हलली आणि थांबली. बदकं विकणाऱ्याला फोन केला तेव्हा कळलं, एकोणतीस दिवस लागतात. मादी पेटीत जाई, बाहेर येई, पुन्हा आत जाई. आनंदरावांना ते बघवेना.

संध्याकाळी दीप्तीचा फोन आला. "बाबा, तिकीट काढू का?"

"पिल्लं नाही राहिले वं. माह्याच हातानं मेले."

"अरेरे! मंग पुढच्या खेपेले येऊ. पायलची शाळाही बुडते."

एरवी ते 'बरं बरं' म्हणून फोन ठेवत. आज म्हणाले, "तशीच ये वं. पिल्लायसाठी नको, माह्यासाठी ये. मले एकट्याले राहवत नाही."

दीप्ती म्हणाली, "पाहू, बाबा."

उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला असं बोलावलं होतं.