गोचिडीची थुंकी

नेम्पिरिसवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची विधवा, एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. दूध काढतानाही तिची मान फिरत असायची, कुठलं वासरू खोकलं ते बघायला. आमच्या काटेरी कुंपणाच्या आतून तिच्या फेऱ्यांनी पायवाट पडली आहे. मला फारसं लिहिता येत नाही, पण ती पायवाट रोज दिसते म्हणून लिहितो.

गोचीड चावली की आमच्या सिमान्जिरोत वासरांना ताप येतो, कानाखाली गाठ येते आणि वासरू जातं. वहिनीची वासरं दरवर्षी अशीच जात. त्या साली एकच कालवड राहिली होती, मैत्रीण किमिरेने दिलेली. आम्हा मासाई लोकांत कालवड देणारी आणि घेणारी पुढे नावं सोडून एकमेकींना ‘पाशे’, म्हणजे कालवडच, म्हणतात. ही मेली तर प्रत्येक हाकेला मेलेलं जनावर तोंडी येईल, ही वहिनीची धास्ती.

तेव्हा जनावरांना लस टोचणारा लुकुमाय लस घेऊन आला; मोठ्या बायकांना तो मानाने आई म्हणे.

“आई, गोचिडीच्या थुंकीच्या ग्रंथी वाटून हा रस केलाय. तापाचे जंतू आत जिवंत आहेत. सोबत दुसरं औषध टोचतो, मग ताप हलका येऊन जातो.”

“म्हणजे रोग तूच आणलास?”

“आणला.”

“थुंकून आशीर्वाद आपले म्हातारे देतात. गोचिडीनं कधी कुणाचं भलं केलंय?”

“टोचून घे गं पाशे,” किमिरे म्हणाली. “रानातली गोचीड काय तुला विचारून चावते?”

कालवडीला टोचलं, कानात बिल्ला लागला. लुकुमायने बजावलं, “गाठ आली तर येऊ दे. डाग द्यायचा नाही.” गाठीवर तापलं लोखंड टेकवणं ही आमची जुनी रीत, ती त्याला ठाऊक होती.

दुसऱ्या आठवड्यात गाठ आली. कालवडीने चारा सोडला. वहिनी कुंपणाला फेऱ्या घालू लागली.

“भावोजी, काय करू?”

“लुकुमाय थांब म्हणालाय.”

“त्याची आहे का कालवड?”

दुपारी तिने लोखंड तापवून डाग दिलाच. दोन-तीन दिवसांत कालवड उठली, चरू लागली.

लुकुमायने डाग पाहिला आणि कपाळावर हात मारला. “लशीनं वाचली, आई!”

“कशावरून? डागानं वाचली असेल.”

“तू डागलं नसतंस तर कळलं असतं.”

त्या वाक्याने तिची झोप उडाली. कालवड धडधाकट झाली, तरी वहिनीच्या फेऱ्या चालूच.

पुढे त्या कालवडीला वासरू झालं. लस टोचायच्या सकाळी वहिनी लोखंड घेऊन किमिरेच्या दारात गेली.

“पाशे, हे ठेव. मागितलं तरी देऊ नकोस.”

गाठ आली. वासरू आचळाला तोंड लावीना. वहिनी किमिरेकडे गेली.

“ते लोखंड जरा दे.”

“कशाला?”

“निखारे सारायला.”

“काठीनं सार.” किमिरे लोखंडावरच बसली होती.

वहिनी गेली, परत आली, शिव्या देऊन पुन्हा गेली. असं दोन दिवस. किमिरेने जेवणही बसल्या जागी केलं.

तिसऱ्या सकाळी मी कुंपणाशी होतो. वहिनी धावत आली, हनुवटीला दुधाचा फेस. वासराने कासेला ढुशी मारली असणार.

“पाशे, ऊठ आता,” ती म्हणाली. “प्यायलं.”

किमिरेला उठता येईना, पाय आखडले होते. वहिनीने तिला हात दिला, आणि लोखंड तिथेच राहू दिलं.