मास्तरीणबाईंचं ऑपरेशन

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शाळेतली नव्हे हो, कटिंगची. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात कापड कापायचं टेबल बावीस वर्षं तिच्या ताब्यात होतं. खडूने आखलं की कात्री अशी चालायची, एक सूत इकडचं तिकडे नाही. शिवणाऱ्या बायका नवऱ्याला घाबरत नसतील तेवढ्या हिला घाबरायच्या.

आणि छाती. आता बोलायचंच तर उघड बोलू. चौदाव्या वर्षापासून ती तो भार वागवत होती. पट्ट्यांनी खांद्यांवर चर पडलेले, छातीखालची कातडी घामाने सोलपटलेली, मान कायमची आखडलेली. टेबलावर वाकून कापायचं, म्हणजे सगळं ओझं मानेवरच. लग्नाआधी तिने ऑपरेशनचं काढलं, तर तिची आई म्हणाली, लग्न होऊ दे. लग्नानंतर माझी आई म्हणाली, मुलं होऊ देत, दूध नको का पाजायला? मुलं झाली, मोठी झाली, आणि तोवर हिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. एकदा कात्री हातातून सुटून पायावर पडली. मालक म्हणाला, "मास्तरीणबाई, हात बरा करून या. नाहीतर काजं-बटणं आहेतच." हेडमास्तरला घंटा वाजवायला बसवावं, तसं ते. ती त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

मग आम्ही दोघी सर्जनकडे गेलो. त्यांनी तपासलं, फोटो काढले, आणि सरळ सांगितलं, "एकेका बाजूचं सहाशे ग्रॅम तरी काढायला हवं. व्रण राहतील. स्तनाग्राची जाणीव कमी होऊ शकते. पण मानेवरचा ताण जाईल, आणि बोटंही सुधारतील, फार उशीर झाला नसेल तर."

"आणि दिसायला कसं हवंय?" त्यांनी विचारलं.

"दिसण्याचं राहू द्या, डॉक्टर," वहिनी म्हणाली. "मला कात्री धरायचीय."

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, दोन महिने गाल फुगवून बसला. "या वयात हे काय खूळ?" शेवटी सोबतीला माणूस लागतो म्हणून आला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी तिला उभं करून अंगावर पेनाने रेघा आखल्या. ही बया आरशात बघून म्हणते, "डॉक्टर, डावीकडची रेघ अर्धा सूत खाली गेलीय." डॉक्टर हसले, पण रेघ पुसून पुन्हा काढली. तिला आत नेलं तेव्हा ती खुशीत होती. मी तिला इतकी खुशीत क्वचितच पाहिलीय.

दार लागायच्या आत दादाने डॉक्टरांना गाठलं. "जास्त नका हं काढू. बाई बाईसारखी दिसली पाहिजे. निम्मंच काढा. नवरा आहे मी, माझ्या जबाबदारीवर सांगतोय."

डॉक्टर घुटमळले. मग माझ्याकडे वळले. "तुमचंही असंच म्हणणं आहे का?"

दोन मिरच्यांसाठी भाजीवाल्याशी भांडणारी मी. तोंड उघडलं आणि म्हणाले, "दादा म्हणतोय तर... तसंच करा."

का म्हणाले? मी जन्माची काटकुळी. लग्नाला बघायला आलेली तीन स्थळं त्यापायी परत गेली. वहिनीकडे बघून मी आयुष्यभर मनात जळले, आणि ती मात्र ते कापून टाकायला निघाली होती. मेलं माझं मन! तेवढ्या एका क्षणात ते बरोब्बर बाहेर आलं.

दहा दिवसांनी पट्ट्या निघाल्या. वहिनीने पर्समधली टेप काढून माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग दवाखान्याचा कागद वाचला. उजवीकडचे तीनशे दहा ग्रॅम, डावीकडचे दोनशे नव्वद. डॉक्टरांना विचारलं तर ते टेबलावरची फाईल सारखी करत म्हणाले, "घरच्यांची तशी इच्छा होती. आणि आता अगदी प्रमाणात दिसतंय."

"उरलेलं परत काढाल?"

"आधीच्या व्रणांवर पुन्हा कापलं, तर रक्तपुरवठ्याचा धोका असतो. मी तरी नाही म्हणेन."

दादा खूश झाला. "बघ, किती छान दिसतेयस! उगाच घाबरलो मी." वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चार महिने झाले. बोटं तशीच बधिर आहेत. टेबलावर आता दुसरा कटर आलाय, आणि वहिनी खिडकीजवळच्या बाकावर बायकांमध्ये बसून बटणं लावते. मास्तरीणबाई म्हणतात अजून, पण सवयीने.

परवा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. तिने विचारलं, "वन्सं, डॉक्टर 'घरच्यांची' म्हणाले. ह्यांच्याबरोबर दाराशी तुम्हीही होतात ना?"

"होते."

"काय म्हणालात?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हाताची बोटं चोळत ती म्हणाली, "ह्यांचं कळतं मला. ह्यांना बघायचं होतं. तुम्हाला काय मिळालं, वन्सं?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी उठले आणि म्हटलं, "चहा टाकू?"