ड्रम्सपुढची रिकामी जागा

ऑनलाइन ज्ञानकोशातला, मित्रांच्या रॉक अल्बमवरचा लेख मी सांभाळतो. काल कुणीतरी त्यात ‘ड्रम्स : सुहास’ असं लिहिलं. कॅसेटच्या वेष्टनावर ते नाव नाही, कुठे छापूनही आलेलं नाही. नियमाप्रमाणे मी ते काढलं.

आज दिवंगत सुहासच्या बहिणीचा फोन आला. “दादा, ते मी लिहिलं होतं. रेकॉर्डिंगला तुम्ही होतात ना?”

“होतो गं. पण माझी आठवण तिथे पुरावा म्हणून चालत नाही.”

“म्हणजे तुमच्याकडूनही गेलाच म्हणा तो.”

मी अल्बम लावला. पहिल्या गाण्याआधी सुहास हळूच मात्रा मोजतो. तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. कुणाचा, हे आम्हालाच ठाऊक. इतका जवळ असलेला माणूस सिद्ध करता येत नाही. गाणं संपेपर्यंत ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी काहीच लिहिलं नाही.