पस्तीस नंबरचं जहाज

सोनवणेकाकांच्या खोलीवर पहिल्यांदा आलेल्याला पाणी उशिरा मिळायचं. आधी हातात जहाज मिळायचं. दूध पावडरीचे डबे कापून, ठोकून, झाळून केलेलं, हातभर लांब, राखाडी रंगाचं जर्मन लढाऊ जहाज. मी विचारलं, "काका, नाव काय ह्याचं?"

"नाव न्हाई. नंबर हाये, पस्तीस. लढाईच्या घाईत बारशाला येळ कुठला? कंपनीनं तुला काल कार्ड दिलं, त्याच्यावर तरी काय मोठं लिव्हलंय? नंबरच ना?"

काका जालन्याकडचे. बहरीनच्या गोदीत बॉयलरवर फोरमन होते, मी तिथंच स्टोअरमध्ये. जवळच्या जिदहफ्स गावात एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. औरंगाबादेत कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो, चौकाचौकांत वाटायचो. हे कळल्यापासून काकांनी माझं नाव घेणंच सोडलं. "या पत्रकवाले, बसा. पण हितं लिहू नका काही. गल्लीत आधीच सरकारच्या इरोधात टायरं जळायलीत. पत्रक वाटलं तर तुम्ही विमानात आन् आम्ही चौकीत."

शुक्रवारी सुट्टी. मटण शिजेपर्यंत काका त्या जहाजाची नोकरी सांगत. हो, त्यांचा शब्द नोकरीच. गोदीत एकदा इंजिन दुरुस्तीला म्हातारा जर्मन इंजिनिअर आला होता, त्याचा थोरला भाऊ ह्या जहाजावर होता. तुटक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं आणि काकांनी ते जालन्याच्या भाषेत कायमचं ठेवून घेतलं. ब्रेमेनला बांधलं. लढाई हरायला लागल्यावर कामावर लागलं. बाल्टिक समुद्रात सुरुंग पेरले. किनाऱ्यावरच्या रशियन फौजेवर तोफा डागल्या. माघार घेणाऱ्या आपल्या लोकांना राखलं. "हिटलरचं जहाज, त्याचा मला पुळका न्हाई," काका म्हणत. "पण बॉयलरपाशी उकडत बसलेला गडी कुठलाबी असो, तो आपल्यातलाच." शेवटच्या फेरीपाशी आले की मात्र पातेल्यावरचं झाकण काढून म्हणायचे, "पुढचं नंतर. खलास, ताटं घ्या."

आता मुद्द्याचं लिहितो.

आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. घरी कुणी आजारी पडलं तरी रजा मफी, म्हणजे नाहीच. एका वेल्डरचा बाप असाच त्याच्याविना गेला, तेव्हा काका तडक पर्सोनेल ऑफिसात शिरले आणि म्हणाले, "माणूस परत येईल. मी जामीन. न्हाई आला तर मला सोडू नका." कंपनीला हे फारच आवडलं. त्याचा नियमच झाला: तातडीची रजा हवी तर दोन जामीन आणा, रजेवर गेलेला परत येईपर्यंत जामिनांचे पासपोर्ट कपाटातून हलणार नाहीत. कंपनीला फुकटात पहारेकरी मिळाले. मजुरानंच मजुराला राखायचं, ह्यापेक्षा स्वस्त तुरुंग कुणी बांधला असेल तर मला दाखवा. पण हेही खरं की त्या नियमावर कितीतरी जण घरी जाऊन आले आणि बहुतेकांचे पहिले जामीन काकाच होते.

भास्कर काकांच्याच तालुक्यातला. काकांच्या जामिनावर बायकोच्या बाळंतपणाला गेला तो परत आलाच नाही. पुढं उन्हाळ्यात काकांना गावाकडून फोन आला. त्यांच्या बायकोची, सुमनकाकूंची, किडनी बसली होती, सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, त्या काकांचं नाव घेत होत्या.

मी काकांबरोबर ऑफिसात गेलो. साहेब पुण्याचे. आम्हाला बसा म्हणाले, चहाही सांगितला. "सोनवणे, मला वाईट वाटतं. पण भास्कर आला नाही ना. आणि नियम तुम्हीच आणलात."

मी म्हणालो, "साहेब, बाई मरायला टेकली आहे."

"तुम्ही कोण? तुमचं काय काम इथं?"

काकांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं. दारात म्हणाले, "त्याच्यावर वरडून काय करतो? मह्याच हातचं हाये ते."

भास्करला निरोप धाडले, गावच्या सरपंचालाही गाठलं. भास्कर पुण्याला गेलाय, एवढंच कळलं. रोज कामावरून आल्यावर काका कोपऱ्यावरच्या फोनपाशी जायचे. विचारलं की "इंशाल्ला" म्हणायचे, जयभीम म्हणावं तसं ताठ. एके दिवशी परत आले आणि थेट कांदा चिरायला बसले. आम्हाला कळलं.

त्या शुक्रवारी त्यांनी न विचारता शेवटची फेरी सांगितली. डिसेंबराची रात्र, खराब हवा, फिनलंडचं आखात. पस्तीस नंबर आणखी सुरुंग पेरायला निघालं होतं. वाट चुकलं. आधी जर्मनांनीच पेरलेल्या सुरुंगांत शिरलं आणि फुटलं. बरोबरचं छत्तीस नंबरही गेलं. "दुश्मनाची एक गोळी लागली न्हाई, बाबू. आपल्याच लोकांनी पेरलेलं."

महिना झाला नसेल, प्रकाश जामिनाचा कागद घेऊन दारात उभा राहिला. चिपळूणचा वेल्डर. आई शेवटच्या घटका मोजत होती. खोलीत सगळे खाली बघत होते. काकांनी चष्मा मागितला.

मी चिडलो. "काका, आता पुरे. ह्या नियमानं काकू गेल्या."

"मही गेली. त्याची हाये अजून," काका म्हणाले. "दुसरा जामीन कोण? का पत्रकातच लिहायचं नुसतं?"

दुसरा जामीन मी झालो.

प्रकाश आईला पोचवून मुदतीत परत आला. थेट खोलीवर येऊन काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "उठ, मी काय देव हाये का? कोकम आणलं का सांग."

पुढच्याच आठवड्यात बॉयलरच्या उकाड्यात काका खाली बसले ते उठले नाहीत. पासपोर्ट त्याच दुपारी कपाटातून निघाला. भास्कर आला नव्हता, पण आता साहेबांची काही हरकत नव्हती. काकांच्या पेटीबरोबर गावी एक माणूस पाठवायचा होता. मी जातो म्हणालो. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मग तुमचे दोन जामीन?"

मी काही बोलायच्या आत बरोबर आलेल्या प्रकाशनं सही केली होती, तिच्याखाली खोलीतल्या एकानं.

काकूंना जाळलं तिथंच शेजारी काकांना अग्नी दिला. गावात सगळे म्हणाले, राहा आता, कशाला त्या नरकात जातोस. खरंच, मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं. फक्त तिकडे प्रकाश आणि तो दुसरा जामीन उभे होते, मीच पेरलेल्या सुरुंगावर.

मी परत आलो. हे जिदहफ्समधूनच लिहितोय. नियम अजून आहे, भास्कर अजून पुण्यात आहे. खोलीवर नवीन माणूस आला की पाण्याआधी मी त्याच्या हातात जहाज देतो. शेवटची फेरी मात्र सगळ्यांत आधी सांगतो.