पाचव्या दिवसाची चूक

बायको तापानं गेली, त्याला आता तीन महिने झाले. तिचं जुनं दुखणं निराळं होतं. ते डॉक्टरांना सोळा वर्षं दिसलं नाही, आणि चूक आमच्या घराची होती.

पाळीचे चार दिवस ती मागच्या पडवीत बसे. पदर तोंडात कोंबून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असे. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आली की मी तिला दवाखान्यात नेई. तोवर कळ थांबलेली. डॉक्टर वायूची पुडी देत.

“डागदरनं दार दिखनं का मन्हं दुखनं पळी जास,” ती हसून म्हणे. शेजारणी म्हणत, पोर नाही म्हणून सोंग करते.

मी शाळामास्तर. एक वर्ष तिच्या दुखण्याच्या दिवसांवर पंचांगात शाईची खूण करत गेलो. वर्षअखेरीस पाहिलं, तर सगळ्या खुणा त्या चार दिवसांतल्या आणि दवाखान्याची प्रत्येक खेप त्यांच्या नंतरची.

पुढच्या महिन्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बैलगाडी जुंपली.

आई दारात आडवी आली. “येडा व्हयना का? बाहेर बठेल बाईले गाडीमा बसाडशी? लोके काय म्हनतीन?”

“म्हणू देत. आज नेलं नाही तर कधीच दिसणार नाही.”

मागच्या पडवीतून कण्हण्याचा आवाज आला. आई थांबली, मग स्वतःच गाडीत चढली. “आंघोळ मंग करसू,” म्हणाली, आणि मी उचलून आणलेल्या सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

खांडबारा स्टेशनावरून आगगाडीनं मिशनच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “इतकी वर्षं कुठं होतात?” मी पंचांग पुढे केलं. त्यांनी ते उभ्यानंच चाळलं. संशय आहे, म्हणाल्या, पण पोट उघडल्याशिवाय खात्री नाही.

उघडलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर रुजलं होतं. दर महिन्याला तेही रक्ताळायचं, आणि रक्ताला वाट नसायची. सापडलं तेवढं त्यांनी काढलं.

“बरी होईल?” मी विचारलं.

“काही वर्षं आराम पडेल. पुन्हा उगवू शकतं. पाळी कायमची जाईपर्यंत याची सोबत धरून चाला.”

तसंच झालं. चार वर्षं बरी गेली, मग कळा परतल्या, पण सोंग कुणी म्हटलं नाही. पुढे पाळी गेली तशा कळाही गेल्या.

आता गल्लीत कुणा मुलीचं असं दुखणं कानावर आलं, की मी तिच्या बापाला गाठतो. तो लाजून मान खाली घालतो. मी घालत नाही. पंचांग दाखवतो आणि सांगतो, पाचव्या दिवसाची वाट पाहू नका, दुखतं त्याच दिवशी न्या.